इसे जिंगूला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या सहलीची आखणी करणारी मराठी मंडळी इसे जिंगूबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे शेवटी. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इसे जिंगू म्हणजे नेमकं काय? ते बौद्ध मंदिर आहे का?

नाही, ते शिंतो देवस्थान आहे. जपानच्या मिए प्रांतातल्या इसे शहरात, आणि एकच देऊळ नव्हे तर १२५ लहानमोठ्या देवळांचा समूह. त्यातली मुख्य दोन. नाइकू, म्हणजे आतलं देवस्थान, सूर्यदेवता आमातेरासु ओमिकामीचं. जपानचं राजघराणं तिला आपली मूळ पूर्वज मानतं. गेकू, म्हणजे बाहेरचं देवस्थान, तोयोउके ओमिकामीचं. ती अन्न, वस्त्र, निवारा आणि उद्योगधंद्यांची देवता, आणि आमातेरासुच्या भोजनाची जबाबदारी तिच्याकडे. परंपरेनुसार नाइकूची स्थापना सुमारे २००० वर्षांपूर्वीची, गेकूची सुमारे १५०० वर्षांपूर्वीची.

बौद्ध मंदिरात दिसणारा उदबत्त्यांचा धूर, मूर्ती, मोठी घंटा, यातलं इथे काही नाही. इतर शिंतो देवळांत हमखास दिसणारे दगडी सिंह आणि जाडजूड दोरखंडही नाहीत. तोरिईच्या, म्हणजे लाकडी प्रवेशकमानीच्या, खांबांना साकाकी झाडाच्या हिरव्या डहाळ्या बांधलेल्या असतात, एवढंच.

२. आम्ही क्योतोला फुशिमी इनारी बघणारच आहोत. मग वाट वाकडी करून इसेला कशासाठी जायचं?

दोन्ही शिंतो देवस्थानं असली तरी अनुभव अगदी निराळा आहे. फुशिमीला शेंदरी कमानींच्या रांगा आणि त्यांत फोटो काढणाऱ्यांची गर्दी. इसेला लाकडाला रंग नाही. पायाखाली खडी, दोन्ही बाजूंना जुने प्रचंड वृक्ष, आणि शेवटी एक कुंपण. डोळे दिपवणारं काही बघायचं असेल तर इसेला जाऊ नका, निराशा होईल. पण जपानी माणूस देवापुढे कसा उभा राहतो हे समजून घ्यायचं असेल, तर इसेइतकी चांगली जागा दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे.

एदो काळात (१६०३ ते १८६८) सामान्य माणसाला प्रवासाची मोकळीक फारशी नव्हती, पण इसेच्या यात्रेला परवानगी मिळे. गावोगावी मंडळं असत. सगळ्यांनी मिळून पैसे जमवायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं नाव निघेल त्याने सगळ्यांच्या वतीने जाऊन यायचं. आपल्याकडच्या भिशीसारखाच प्रकार, फक्त हाती रकमेऐवजी यात्रा पडायची. १७०५, १७७१ आणि १८३० या वर्षी तर यात्रेची लाटच उसळली. नोकर मालकाला न सांगता आणि मुलं आईबापांना न विचारता निघाली, हातात पाणी प्यायची पळी घेऊन. ती पळी दिसली की वाटेवरचे लोक ओळखत, हा इसेचा यात्रेकरू. त्याला खायला-प्यायला देणं म्हणजे पुण्य.

३. तिथे पोहोचायचं कसं? जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) चालतो का?

सगळ्यात सोयीची किंतेत्सु ही खासगी रेल्वे. तिच्या जलद गाडीने नागोयाहून ‘इसेशी’ नावाचं स्थानक साधारण दीड तासावर, ओसाकातल्या नाम्बाहून पावणेदोन तासांच्या आसपास आणि क्योतोहून दोन तासांवर. तोक्योहून येणाऱ्यांनी शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, नागोया गाठायचं आणि तिथे गाडी बदलायची. किंतेत्सुवर जेआर पास चालत नाही.

जेआरचीच गाडी हवी असेल तर नागोयाहून ‘मिए’ नावाची जलद गाडी आहे. इथे बरेच जण फसतात. ही गाडी मध्ये इसे रेल्वे नावाच्या वेगळ्या कंपनीच्या रुळांवरून जाते आणि तेवढ्या टप्प्याचे पैसे पास असला तरी वेगळे भरावे लागतात. रक्कम मोठी नाही, पण सुटे येन जवळ असू द्या.

४. तिकीट किती? केव्हा उघडतं? वेळ किती ठेवायचा?

तिकीट नाही. दोन्ही देवस्थानं रोज पहाटे ५ वाजता उघडतात. बंद होण्याची वेळ ऋतूनुसार बदलते: जानेवारी ते एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये संध्याकाळी ६, मे ते ऑगस्ट ७, ऑक्टोबर ते डिसेंबर ५. गेकूला तासभर आणि नाइकूला दीड तास धरा. दोन्हींमधला बसचा प्रवास, खाणं आणि बाजार धरून अर्धा दिवस सहज जातो.

जमलं तर इसेतच मुक्काम करा आणि सकाळी ६च्या सुमाराला नाइकूत पोहोचा. १० नंतर पर्यटकांच्या बस यायला लागतात आणि खडीवरच्या पावलांचा आवाज बोलण्यात बुडून जातो.

५. आधी गेकू की आधी नाइकू?

रीत आहे ती आधी गेकू, मग नाइकू. देवस्थानाचे विधीसुद्धा याच क्रमाने होतात. गेकू इसेशी स्थानकापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे, त्यामुळे सोयीचंही तेच. तिथून नाइकूला बस जाते, अंतर पाच किलोमीटरच्या आत-बाहेर.

बरेच पर्यटक गेकू वगळतात, ते मला पटत नाही. गेकूत रोज सकाळी आणि संध्याकाळी देवतेसाठी नैवेद्य शिजतो. विस्तव लाकडावर लाकूड घासून पाडतात, पाणी देवस्थानाच्याच विहिरीचं. ही रोजची सेवा सुमारे १५०० वर्षं चालत आल्याचं मानलं जातं. हा विधी बघायला मिळत नाही, पण तो इथे आजही झाला आहे हे ठाऊक असलं की त्या झाडांखालून चालताना लक्ष वेगळ्याच गोष्टींकडे जातं.

एक बारीक नियम: गेकूत वाटेच्या डाव्या बाजूने चालायचं, नाइकूत उजव्या. वाटेचा मधला भाग देवाचा, तिथून चालत नाहीत.

६. देवाचं दर्शन होतं का? गाभाऱ्यात जाता येतं का?

नाही. हे आधीच मनाशी पक्कं करून जा, कारण आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा विरस इथेच होतो. नाइकूत आमातेरासुचं प्रतीक म्हणून पवित्र आरसा, याता नो कागामी, ठेवलेला आहे असं मानतात. तो भाविकाला दिसत नाही. मुख्य मंदिर लाकडी कुंपणांच्या चार ओळींआड आहे. पायऱ्या चढून वर गेलं की एक दार लागतं आणि दारात पांढरा रेशमी पडदा. नमस्कार त्या पडद्यासमोर उभं राहून करायचा. मधूनच वारा येतो, पडदा वर उचलला जातो आणि आतल्या पांढऱ्या खडीचा तुकडा क्षणभर दिसतो. पुन्हा पडदा खाली. बस्स.

कुंपणावरून छपराचं टोक मात्र दिसतं, ते नीट बघा. कौलं नाहीत, गवताने शाकारलेलं जाड छप्पर. कण्यावर आडवे ओंडके: नाइकूच्या १०, गेकूच्या ९. टोकाला वर निघालेल्या फळ्यांच्या जोड्या नाइकूत आडव्या कापलेल्या असतात आणि गेकूत उभ्या.

७. नमस्कार कसा करतात?

आत शिरताना तोरिईपाशी थांबून एकदा वाकायचं. मग पाण्याच्या मंडपात पळीने आधी डावा हात, मग उजवा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची, पळीला तोंड लावायचं नाही. पुन्हा डावा हात धुवायचा, आणि पळी उभी धरून उरलेल्या पाण्याने तिची दांडी. हे सगळं एकाच पळीभर पाण्यात बसवायचं.

नाइकूत हे इसुझु नदीच्या काठावरही करता येतं. (ट्रकवर दिसणारं इसुझु हे नाव याच नदीचं.) पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी फरशीचा घाट १६९२ साली शोगुन (तेव्हाचा लष्करी शासक) त्सुनायोशी याच्या आईने, केइशोइनने, बांधून दिला असं सांगतात. नदीत नाणी टाकू नका.

मंदिरासमोर दोनदा कमरेतून खोल वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, हात जोडून मनात बोलायचं, मग एकदा वाकायचं. वाजवायला घंटा नाही. पुजारी याहून वेगळ्या रीतीने, आठ टाळ्या वाजवून वंदन करतात. ती त्यांची पद्धत, आपण दोनच वाजवायच्या.

८. चपला-बूट कुठे काढायचे? कपडे कसे असावेत?

बूट काढायचे नाहीत. सगळी वाट खडीची आहे आणि मुख्य मंदिरासमोरही सगळे बूट घालूनच उभे असतात. अनवाणी गेलात तर आदर दिसण्याऐवजी आजूबाजूच्यांची धांदल उडेल. कागुरादेन या प्रार्थनागृहात विधीसाठी जायचं असेल तेव्हा मात्र बूट काढावे लागतात.

कपडे साधे आणि नीटनेटके. साडी चालते, पण टाच सपाट हवी. टोपी आणि गॉगल नमस्काराआधी उतरवा. कुंपणाच्या आतल्या खास दर्शनासाठी नियम वेगळे आहेत, त्यासाठी प्र. १८.

९. नारळ, फुलं, पेढे नेले तर चालतील का? दक्षिणापेटी असते का?

काही नेऊ नका, वाहायला जागाच नाही. इतर शिंतो देवळांत असते तशी मोठी दानपेटीही मुख्य मंदिरासमोर नाही. जुन्या काळी इथे देवतेला अर्पण करण्याचा अधिकार फक्त सम्राटाचा होता. खासगी अर्पणाला मनाई होती. आज पडद्यासमोर पांढरं कापड अंथरलेलं असतं आणि लोक त्यावर नाणी ठेवतात. तुम्हीही ठेवू शकता, पण नाही ठेवलं म्हणून काही बिघडत नाही.

प्रसाद हातावर ठेवायची रीत नाही. विधिवत प्रार्थना करून घ्यायची असेल तर कागुरादेनमध्ये नाव नोंदवा. तिथे पुजारी तुमच्या नावाने प्रार्थना म्हणतात आणि मोठ्या विधीत संगीत व नृत्यही असतं.

१०. नवस बोलायचा आहे. इथे काही मागितलं तर चालतं का?

कोणी अडवत नाही. पण जपानी भाविक मुख्य मंदिरापुढे काही मागत नाहीत. तिथे फक्त आभार मानायचे: इथवर आणलंस, ठीक आहोत. स्वतःचं मागणं असेल तर नाइकूत मागच्या बाजूला असलेल्या आरामात्सुरी-नो-मियापुढे आणि गेकूत टेकडीवरच्या ताका-नो-मियापुढे बोलायचं. तिथे त्याच देवतांचं उग्र, कृती घडवणारं रूप आहे असं मानतात.

मला ही वाटणी फार आवडते. यादी घेऊन आलेल्या माणसालाही आधी रिकाम्या हाताने उभं राहावं लागतं.

११. दर २० वर्षांनी देऊळ नवं बांधतात म्हणे. मग ते ‘प्राचीन’ कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इसे समजायचं तर तो टाळून चालत नाही.

मुख्य मंदिराला लागून तेवढीच दुसरी मोकळी जागा आहे. दर २० वर्षांनी त्या जागेवर हुबेहूब नवं मंदिर उभं राहतं, देवता रात्रीच्या अंधारात तिथे नेली जाते आणि जुनं मंदिर उतरवलं जातं. याला शिकिनेन सेनगू म्हणतात. पहिलं ६९० साली, सम्राज्ञी जितोच्या काळात झालं. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीत १२० वर्षांहून अधिक खंड पडला, तो सोडला तर परंपरा चालू आहे. ६२वं सेनगू ऑक्टोबर २०१३ मध्ये झालं, ६३वं २०३३ मध्ये होणार आहे.

वीसच वर्षं का, याचं लेखी कारण कुठे नाही, पण बांधकाम बघितलं की अंदाज येतो. हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाचे खांब पायाच्या दगडावर नाही तर सरळ जमिनीत रोवलेले. छप्पर गवताचं. ओल्या हवेत असं बांधकाम फार टिकत नाही. दुसरं कारण माणसांचं. विशीत हाताखाली काम केलेला सुतार चाळिशीत स्वतः मंदिर उभारतो आणि साठीत पुढच्यांना शिकवतो. अंतर पन्नास वर्षांचं असतं तर शिकवायला कोणी उरलंच नसतं.

आणि नवं होतं ते फक्त देऊळ नाही. देवतेची वस्त्रं, तलवारी, आरसे, खोगीर असे ७१४ प्रकारचे १,५७६ जिन्नस नव्याने घडवतात. त्यात एका तलवारीच्या मुठीला तोकी या पक्ष्याची गुलाबी पिसं लावावी लागतात. पुढे हा पक्षी जपानच्या रानातून नाहीसा झाला आणि दोन पिसं मिळवणंही जिकिरीचं झालं, तरी पिसांच्या जागी दुसरं काही चालवून घेतलं नाही. म्हणून इसेला प्राचीन काय, तर ही करण्याची रीत. लाकूड त्या मानाने कालचं.

जुनं लाकूड वाया जात नाही. मुख्य मंदिरांचा कणा पेलणारे मोठे खांब उतरवल्यावर तासून नाइकूच्या प्रवेशापाशी असलेल्या उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरिई होतात, आतली नाइकूच्या खांबांची, बाहेरची गेकूच्या. वीस वर्षं तिथे उभ्या राहिल्या की त्या सेकी आणि कुवाना इथल्या जुन्या यात्रामार्गांवर जातात. बाकीचं लाकूड देशभरातल्या देवळांना दुरुस्तीसाठी मिळतं. पूल ओलांडताना त्या खांबावर हात ठेवून बघा. हजारो हातांनी तो गुळगुळीत झालेला आहे.

१२. हल्ली गेलो तर पुढच्या सेनगूची तयारी दिसेल का?

विधी मे २०२५ मध्ये सुरू झाले. जून २०२५ मध्ये किसोच्या डोंगरात पहिली हिनोकी झाडं विधिवत तोडली गेली. करवत न लावता कुऱ्हाडीने तीन बाजूंनी बुंधा पोखरत नेतात आणि दोन झाडं एकमेकांवर आडवी पडतील अशी पाडतात. २०२६ आणि २०२७ मध्ये इसेचे रहिवासी ओंडके दोरांनी ओढून आणतात, नाइकूचे नदीतून आणि गेकूचे गाड्यांवरून रस्त्याने.

एरवी गेलात तर मंदिराशेजारची रिकामी जागा आवर्जून बघा: पांढऱ्या खडीचं मैदान आणि मधोमध एक छोटीशी लाकडी खोपटी. गेकूजवळच्या सेनगूकान संग्रहालयात मंदिराच्या एका भागाची खऱ्या आकाराची प्रतिकृती आहे. कुंपणाआडचं जे दिसत नाही (प्र. ६) ते तिथे जवळून बघता येतं.

१३. फोटो काढता येतात का?

पूल, झाडी, नदी, वाटा, सगळीकडे काढा. नाइकूच्या मुख्य मंदिराचा फोटो मात्र पायऱ्यांच्या खालूनच, पायऱ्या चढायला लागलात की कॅमेरा बंद. गेकूत पायऱ्या नाहीत, तिथे मुख्य मंदिराच्या बाहेरच्या कुंपणातली तोरिई ही सीमा. पडदा उडतानाचा फोटो घ्यायचा मोह होतो, आवरा. रक्षक उभे असतात, पण प्रश्न त्यांचा नाही.

१४. घरात सुतक आहे, तिकिटं तर काढून झाली. जावं का? आणि पाळी असेल तर?

सुतकाची कल्पना शिंतोमध्येही आहे. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूनंतर ५० दिवस तोरिईखालून जायचं नाही, असं अनेक जपानी कुटुंबं पाळतात. दारावर कोणी विचारत नाही, निर्णय तुमचा. तुमच्या घरी पाळत असाल तर पुलाच्या अलीकडूनच हात जोडा आणि त्या दिवशी बाजार व नदीकाठ बघा. बौद्ध मंदिरांना अशी आडकाठी नाही, सहलीतली ती ठिकाणं मोकळेपणाने करा.

पाळीचं म्हणाल तर पूर्वी रक्तस्राव अशुद्ध मानला जाई. आज भाविकांवर असं कोणतंही बंधन नाही. निःशंक जा.

१५. आम्ही शाकाहारी आहोत. काय खायचं?

नाइकूच्या पुलाबाहेर ओहाराइमाची हा जुन्या घरांचा सुमारे ८०० मीटरचा रस्ता आहे आणि त्यात ओकागे योकोचो ही खाण्यापिण्याची पेठ. शाकाहारी माणसाचा खरा आधार म्हणजे आकाफुकु. हे दुकान १७०७ पासूनचं. तांदळाचा मऊ मोची आणि त्यावर आझुकी या लाल कडधान्याचं गोड, गाळलेलं पुरण. पुरणावर बोटांनी ओढलेल्या रेघा म्हणजे इसुझुचा प्रवाह आणि पांढरा मोची म्हणजे तळाचे गोटे. मुख्य दुकान पहाटे ५ वाजता उघडतं. आकाफुकु ताजंच खायचं असतं, भारतात आणायचं मनात धरू नका.

इसे उदोन, म्हणजे जाड मऊ नूडल्स, दिसायला साधं वाटतं, पण त्या काळ्या रसात माशाचा अर्क असतो. वर मांसाचा तुकडा नसला म्हणजे शाकाहारी झालं असं नाही. पोटभर जेवण हवं असेल तर सोबत ठेपले किंवा दशम्या ठेवा, पण देवस्थानाच्या आवारात खायचं नाही. पाणी प्यायला हरकत नाही.

१६. आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

चढ फारसे नाहीत, त्रास खडीचा. दोन्हीकडे प्रवेशापाशी व्हीलचेअर मोफत मिळतात. गेकूचं मुख्य मंदिर सपाटीवर आहे. तिथल्या ताका-नो-मियाला ९८ पायऱ्या आहेत, पण खालीच त्या देवतेला दुरून नमस्कार करायची जागा ठेवलेली आहे. नाइकूच्या मुख्य मंदिराला दगडी पायऱ्या आहेत. पायऱ्यांखाली उभं राहून केलेला नमस्कारही पोचतोच. दोन्ही झेपणार नसतील तर ज्येष्ठांसाठी गेकू निवडा.

१७. भविष्याची चिठ्ठी मिळते का? शिक्का?

चिठ्ठ्या, म्हणजे ओमिकुजी, इथे नाहीत. आयुष्यात एकदा तरी इसेला यावं अशी आस असायची, तेव्हा आलेला प्रत्येक दिवस शुभच, वेगळी चिठ्ठी कशाला, असं कारण सांगतात. गोशुइनचा, म्हणजे देवळाला भेट दिल्याच्या खुणेचा, शिक्का मिळतो: लाल शिक्का आणि तारीख, दुसरं काही नाही. इतर देवळांची वळणदार अक्षरं बघून आलेल्यांना तो उघडा वाटतो. मला तो सगळ्यांत देखणा वाटतो.

१८. कुंपणाच्या आत जाऊन नमस्कार करता येतो असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे. सेनगूच्या निधीला देणगी दिली की पडद्यापलीकडे कुंपणाच्या आत, पुजाऱ्यामागून नेऊन नमस्कार करू देतात. पोशाखाबाबत मात्र सूट नाही: पुरुषांना गडद सूट आणि टाय, स्त्रियांना त्याच तोडीचा औपचारिक पोशाख. जीन्स घातलेल्याला देणगी देऊनही आत सोडत नाहीत. आत गेलं तरी आरसा दिसत नाही.

१९. कोणत्या दिवशी जाणं टाळावं? कोणत्या दिवशी मुद्दाम जावं?

नववर्षाचे पहिले काही दिवस टाळा, पूल ओलांडायलाच रांग असते. महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला सकाळी ८च्या सुमाराला देवस्थानाचे पवित्र घोडे मंदिरासमोर आणून त्यांना मान तुकवायला लावतात. ते बघायचं तर ११ किंवा २१ निवडा, १ तारखेला स्थानिकांची गर्दी असते. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास, डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, सूर्य उजी पुलाच्या तोरिईच्या बरोबर मधून उगवतो. ऑक्टोबरच्या मध्यावर कान्नामेसाई असतो, नव्या तांदळाचा नैवेद्य. वर्षातला सर्वांत मोठा विधी हाच.

२०. आमच्यासोबत कुत्रा आहे. नेता येईल का?

आत नाही. प्रवेशापाशी रक्षकांच्या चौकीत ठेवून जाता येतं. गंमत अशी की एदो काळात आजारी मालकाच्या वतीने कुत्रे इसेची यात्रा करून येत. गळ्यात पैशांची पुरचुंडी, आणि वाटेवरचे लोक त्यांना खाऊ घालून पुढच्या गावाला पोहोचवत. ओकागे योकोचोत या कुत्र्यांच्या छोट्या बाहुल्या मिळतात.

२१. हातात फक्त दोन-तीन तास आहेत. काय करू?

नाइकूचा फोटो हवा म्हणून धावत दोन्ही उरकू नका. स्थानकावर सामान लॉकरमध्ये ठेवा, चालत गेकूला जा, मुख्य मंदिर, शेजारची रिकामी जागा आणि ताका-नो-मिया करा, वेळ उरला तर सेनगूकान. तीन तास पूर्ण असतील आणि नाइकूच बघायचं असेल तर स्थानकासमोरून बस पकडा, पूल, नदीचा घाट, मुख्य मंदिर आणि आरामात्सुरी-नो-मिया एवढंच करा, आणि परतीची बस किती वाजता आहे ते उतरतानाच बघून ठेवा. दुपारनंतर नाइकूच्या रस्त्यावर वाहनं तुंबतात आणि गाडी चुकते ती तिथेच.